कुत्र्याचा विमा: आधी डॉक्टरकडे, मग एजंटकडे

कुत्र्याचा विमा काढायचा म्हटलं की बहुतेक जण मोबाइलवर दोन-चार कंपन्यांचे हप्ते शेजारी शेजारी लावून बघतात आणि त्यातला स्वस्त घेऊन मोकळे होतात. माझ्या मते हप्ता सगळ्यात शेवटी बघावा. आपल्या कुत्र्याला काय होण्याची शक्यता जास्त आहे, त्याचं बिल किती येईल आणि नेमकं तेच पॉलिसीतून वगळलंय का, एवढं आधी कळायला हवं. त्यातली पहिली दोन उत्तरं एजंटकडे नसतात, तुमच्या डॉक्टरकडे असतात. म्हणून खालचा क्रम.

ही पॉलिसी नक्की कशी असते

आपल्याकडे कुत्र्यांचा विमा नवा नाही. न्यू इंडिया, ओरिएंटल अशा सरकारी कंपन्यांच्या श्वान पॉलिसी जुन्या आहेत, पण त्यांची जात गाई-म्हशींच्या विम्याची. जनावर दगावलं तर ठरलेली रक्कम मिळायची. उपचारांचा खर्च हा त्यांचा मुख्य विषय कधीच नव्हता. शस्त्रक्रिया आणि ॲडमिट करण्याचा खर्च देणाऱ्या पॉलिसी खऱ्या अर्थाने रुळल्या त्या २०२० नंतर. त्या वर्षी बजाज अलियान्झने (आताची बजाज जनरल) श्वान विमा आणला, मग फ्युचर जनराली, डिजिट वगैरे आल्या. त्यामुळे कुणी 'आमच्याकडे कुत्र्याचा विमा आहे' म्हणालं, तर पहिला प्रश्न हाच विचारा: हा मृत्यूचा विमा आहे की उपचारांचा? जुन्या धाटणीच्या पॉलिसीचा हप्ता कमी दिसतो, त्याचं कारण बहुधा इथेच सापडतं.

दुसरी गोष्ट. जाहिरातीत 'पेट हेल्थ इन्शुरन्स' लिहिलेलं असलं तरी नियमांच्या दृष्टीने हा माणसांच्या आरोग्य विम्यासारखा विमा नाही. तो सर्वसाधारण विम्यात मोडतो. याचे परिणाम बारीक नाहीत. प्राप्तिकरात आरोग्य विम्याच्या हप्त्याला मिळते ती (८० डीची म्हणून ओळखली जाणारी) वजावट या हप्त्यावर मिळत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी उठला, तो माणसांसाठी. कुत्र्याच्या हप्त्यावर १८ टक्के धरूनच चाला, आणि कोटेशनमधला आकडा जीएसटीसकट आहे की त्याशिवाय ते विचारा. माणसांच्या पॉलिसीत मधल्या काळातले फायदे टिकवून कंपनी बदलता येते, पाच वर्षं हप्ते भरले की जुन्या आजारांवरून कंपनीला सहसा हात झटकता येत नाहीत. कुत्र्याच्या पॉलिसीत यातलं काहीही गृहीत धरू नका. कंपनी बदललीत की तुमचा कुत्रा तिच्या लेखी नवा गडी, आणि आजवर त्याला झालेला प्रत्येक आजार 'आधीपासूनचा'.

म्हणूनच पहिली निवड जरा निवांतपणे करायची.

पहिलं काम: कुत्र्याची फाइल

विमा घ्यायचा की नाही हे ठरायच्या आधीच ही फाइल सुरू करा. नाही घेतला तरी ती वाया जात नाही.

लसीकरणाचं कार्ड हा तिचा कणा. पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून डिस्टेंपर, पार्व्हो, लेप्टो या आजारांच्या एकत्रित लशी, तीन-चार आठवड्यांनी पुढचे डोस, साधारण तीन महिन्यांचं झालं की रेबीज, आणि मग दरवर्षी बूस्टर. प्रत्येक नोंदीपुढे लशीच्या बाटलीवरचं स्टिकर, तारीख, डॉक्टरांची सही आणि शिक्का हवा. नुसतं पेनने 'रेबीज दिली' लिहिलेलं कार्ड दवाखान्यात चालतं, क्लेममध्ये अडतं.

मग ओळख. हा तोच कुत्रा, हे कंपनीला पटवायचं असतं आणि दोन काळे लॅब्रेडोर फोटोत सारखेच दिसतात. मायक्रोचिप हा त्यावरचा सगळ्यात सरळ उपाय. तांदळाच्या दाण्याएवढी चिप दोन खांद्यांच्या मधल्या कातडीखाली सुईने बसवतात, तिचा पंधरा आकडी नंबर स्कॅनरवर दिसतो. तो नंबर लसीकरणाच्या कार्डावर आणि पॉलिसीवर, दोन्हीकडे सारखाच छापलाय ना हे डोळ्यांत तेल घालून बघा. चिप असेल तर काही ठिकाणी हप्त्यात थोडी सूटही मिळते. चिप नसेल तर चारही बाजूंचे आणि चेहऱ्याचे स्पष्ट रंगीत फोटो, अंगावरच्या खुणा, काही कंपन्यांत नाकाचा ठसा. नाकावरची नक्षी प्रत्येक कुत्र्याची वेगळी असते.

महापालिकेचा परवाना काढलेला नसेल तर काढून टाका. मुंबई, पुण्यात तो लागतोच, आणि तिसऱ्या माणसाला चावल्याचं प्रकरण उद्भवलं तर परवाना नसलेल्या कुत्र्याची बाजू मांडणं अवघड होतं.

गावठी कुत्र्याचं काय, हा प्रश्न नेहमी येतो. २०२० नंतरच्या पॉलिसींत देशी, संकरित, वंशावळ नसलेले असे सगळे कुत्रे साधारणपणे चालतात. केनेल क्लबचं प्रमाणपत्र असलंच पाहिजे असं नाही. फक्त प्रपोजल फॉर्मवर जातीच्या रकान्यात जे आहे तेच लिहा. रस्त्यावरून आणलेल्या पिल्लाला 'लॅब क्रॉस' लिहिण्यात मिळवायचं काहीच नाही, आणि उद्या सर्व्हेअरने बोट ठेवलं की चुकीची माहिती दिल्याचा ठपका. वय माहीत नसेल तर डॉक्टर दातांवरून अंदाज करून लिहून देतात, तेवढं पुरतं.

दुसरं काम: डॉक्टरांशी अर्धा तास

हे काम बहुतेक जण गाळतात. पुढच्या बूस्टरला जाल तेव्हा गर्दी नसलेली वेळ बघा आणि डॉक्टरांना सरळ विचारा: याच्या जातीला, याच्या वयाला, आपल्या भागात काय काय होतं? आणि तुमच्याकडे किंवा तुम्ही पाठवता त्या मोठ्या हॉस्पिटलात त्याचं बिल किती येतं?

जातीनुसार चित्र बरंच बदलतं. लॅब्रेडोर आणि जर्मन शेफर्डमध्ये खुब्याच्या सांध्याचा दोष, म्हणजे हिप डिस्प्लेसिया, कायमचा पाहुणा. पग, बुलडॉग, शित्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना श्वासाचा त्रास, आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मेमध्ये तो जिवावर बेततो. डॅशहुंडच्या लांब पाठीतली गादी सरकते आणि मागचे पाय जातात. ग्रेट डेनसारख्या खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांचं पोट फुगून पीळ बसतो, तेव्हा शस्त्रक्रियेसाठी हातात काही तासच असतात. नसबंदी न केलेल्या मादीला मधल्या वयात गर्भाशयात पू होण्याचा, पायोमेट्राचा, धोका असतो. त्यावर उपाय बहुतेक वेळा ऑपरेशनच. यातले खुबा, नाक आणि काही प्रमाणात पाठ हे 'आनुवंशिक' म्हणून पॉलिसीतून बाहेर ढकलले जाण्याची शक्यता असलेले आजार आहेत. पायोमेट्रा आणि पोटाचा पीळ तसे नाहीत, तरी जननसंस्थेचे आजार वेगळे वगळलेत का, हे बघावं लागतं.

मग आपल्या भागातली दुखणी. महाराष्ट्रात ज्यावर सगळ्यात जास्त पैसे जातात असं माझं निरीक्षण आहे, तो म्हणजे गोचीड ताप. एर्लिकिया, बबेसिया ही त्यामागची जंतूंची मंडळी. कुत्रा खाणं सोडतो, ताप चढतो, प्लेटलेट घसरतात. रक्ताच्या तपासण्या पुन्हा पुन्हा, सलाईन, चार आठवड्यांच्या गोळ्या, क्वचित रक्त चढवण्याची वेळ. बिल एकदम मोठं येत नाही, ठिबकत राहतं. आणि हे सगळं बऱ्याचदा ॲडमिट न करता होतं. सकाळी दवाखान्यात दोन तास सलाईन, मग घरी. दुसऱ्या दिवशी परत तेच. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम पडणार आहे.

पावसाळ्यात मुंबई-कोकणात तुंबलेल्या पाण्यातून लेप्टो. कोकणात आणि शेतघरांवर सर्पदंश. जुन्नर-आंबेगावकडे बिबट्या अंगणातला कुत्रा उचलतो हे तिकडे कुणाला सांगायला नको. तिथे राहणाऱ्याने 'अपघात' या शब्दाच्या व्याख्येत सर्पदंश आणि वन्य प्राण्याचा हल्ला बसतो का, हे कंपनीकडून ई-मेलवर लिहून घ्यावं. फोनवरच्या 'हो सर, सगळं कव्हर आहे' याला क्लेमच्या दिवशी शून्य किंमत असते.

डॉक्टरांकडून निदान चार दर लिहून आणा: मांडीचं हाड मोडून प्लेट टाकणं, पोट उघडून गिळलेली वस्तू काढणं, मादी असेल तर पायोमेट्राचं ऑपरेशन, आणि पाच दिवस ॲडमिट ठेवण्याचा खर्च. शहरागणिक, दवाखान्यागणिक हे आकडे इतके वेगळे असतात की इंटरनेटवरचे सरासरी दर काही कामाचे नाहीत. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, महालक्ष्मीला २०२४ मध्ये सुरू झालेलं टाटा ट्रस्टचं प्राण्यांचं रुग्णालय आणि तुमच्या उपनगरातलं खासगी क्लिनिक, तिन्हीकडे एकाच ऑपरेशनचा खर्च विचारून बघा म्हणजे कळेल. या चारांपैकी सगळ्यात मोठ्या आकड्याच्या आसपास विम्याची रक्कम हवी, म्हणजे पॉलिसीवाले जिला सम इन्शुअर्ड म्हणतात ती.

तिसरं काम: पॉलिसीचं पुस्तक, मागच्या पानापासून

जाहिरातीचं रंगीत पान बाजूला ठेवा. कंपनीच्या वेबसाइटवर 'पॉलिसी वर्डिंग' नावाची फाइल असते, ती उतरवून घ्या. पंचवीस-तीस पानं असतील. सरळ 'एक्स्क्लुजन्स'वर, म्हणजे वगळलेल्या गोष्टींच्या यादीवर जा. जमल्यास तीच पानं डॉक्टरांना दाखवा. वैद्यकीय शब्दांत काय दडलंय हे ते दोन मिनिटांत सांगतील.

आधीपासूनचे आजार वगळलेले असतात, त्यात आश्चर्य काही नाही. पण 'आधीपासूनचा' म्हणजे निदान झालेला की नुसती लक्षणं दिसलेली? पिल्लू सहा महिन्यांचं असताना 'थोडं लंगडतंय' असं कार्डावर लिहिलं गेलं आणि दोन वर्षांनी खुब्याचा दोष निघाला, तर कंपनी त्या जुन्या ओळीवर बोट ठेवू शकते. कार्डावरची ओळ खोडायची नाही. तिचा अर्थ काय लावला जाईल ते आधी माहीत असावं, एवढंच.

लसीने टाळता येणारे आजार. हे कलम जवळपास सगळीकडे आहे आणि त्याचे शब्द फार महत्त्वाचे. कुठे 'लस दिलेली नसेल तर' असं लिहिलेलं असतं, कुठे सरसकट. सरसकट असेल तर लस वेळेवर देऊनही पार्व्हो किंवा लेप्टो झाला तर पैसे नाहीत. पहिल्या प्रकारात बूस्टर महिनाभर लांबला आणि त्याच पावसात लेप्टो झाला तरी क्लेम गेला. पिल्लांच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे, अर्थात कंपनीच्या बाजूची. पार्व्होचा सगळ्यात मोठा धोका पहिल्या चार-सहा महिन्यांत. पॉलिसीत प्रवेश दोन-तीन महिन्यांनंतर, त्यावर प्रतीक्षाकाळ (सुरुवातीचे ज्या दिवसांत क्लेम मिळत नाही ते). म्हणजे ऐन धोक्याच्या दिवसांतला बराचसा भाग विम्याच्या बाहेरच राहतो. तेव्हा पार्व्होच्या भीतीने विमा घेत असाल तर ते पैसे लशीचे सगळे डोस पूर्ण करण्यावर घाला आणि ते होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर उतरवू नका.

प्रतीक्षाकाळ आजारांना वेगळा आणि अपघाताला वेगळा असतो. पंधरा दिवस, महिना, काही आजारांना त्याहून जास्त. दिवस कधीपासून मोजायचे, हप्ता भरल्यापासून की पॉलिसी सुरू झाल्याच्या तारखेपासून, तेही बघा.

आता तो सलाईनचा मुद्दा. 'हॉस्पिटलायझेशन'ची व्याख्या शोधा. चोवीस तास ॲडमिट राहण्याची अट आहे का? आपल्याकडच्या बहुतेक दवाखान्यांत रात्रीची सोयच नसते. गंभीर कुत्राही संध्याकाळी घरी पाठवतात आणि सकाळी परत बोलावतात. चोवीस तासांची अट असलेली पॉलिसी अशा गावात घेणं म्हणजे गोचीड तापाचा सगळा खर्च स्वतःच्या खिशातून करायचं आधीच कबूल करणं. काही कंपन्या ओपीडीचं कव्हर जादा हप्त्यावर देतात. त्याची वर्षाची मर्यादा आणि त्यासाठीचा जादा हप्ता यांची वजाबाकी करा. उरलेला आकडा किरकोळ असेल तर ते सोडून द्या. लहान बिलं खिशातून भरावीत, विमा मोठ्या बिलासाठी ठेवावा, या मताचा मी आहे.

याशिवाय नसबंदी, जंताचं औषध, दात साफ करणं, ग्रूमिंग, बाळंतपण हे सहसा बाहेरच असतं, त्यावर वेळ घालवू नका. मात्र कुत्रा कशासाठी पाळलाय हा प्रश्न वेगळा. ब्रीडिंग, शर्यती, शिकार किंवा धंद्याच्या जागेची राखण यासाठी वापरलेला कुत्रा अनेक पॉलिसींत बसत नाही. लातूर-नांदेडकडचे कारवान हाउंड किंवा सांगली-कोल्हापुराकडचे मुधोळ हाउंड शर्यतीत पळवणाऱ्यांनी आणि गोदामावर कुत्रा ठेवणाऱ्यांनी हे आधी विचारून घ्यावं.

चौथं काम: कागदावर एक हिशोब

समजुतीसाठी दोन काल्पनिक पॉलिसी घेऊ. पहिलीची विम्याची रक्कम ४०,००० रुपये, हप्ता वर्षाला ४,८००, को-पे नाही, डिडक्टिबल नाही. दुसरीची रक्कम १,००,०००, हप्ता ७,२००, पण दर क्लेमला पहिले ३,००० तुमचे (हे डिडक्टिबल) आणि उरलेल्यातले २० टक्केही तुमचे (हा को-पे). जाहिरातीत अर्थातच दुसरीचा लाखाचा आकडा ठळक.

लॅब्रेडोरने मोजा गिळला. ऑपरेशन, तीन दिवस ॲडमिट, बिल ५८,०००. त्यातले खाणं, डायपर, किरकोळ साहित्य असे ४,००० कंपनी मान्य करत नाही असं धरा. राहिले ५४,०००. पहिली पॉलिसी ४०,००० देते, तुमच्या खिशातून १८,००० जातात. दुसरीत ५४,००० मधून ३,००० वजा, ५१,००० चे ८० टक्के म्हणजे ४०,८००, तुमचे १७,२००. फरक आठशे रुपयांचा, आणि हप्ता मात्र २,४०० ने जास्त! आता बिल ९०,००० झालं असं समजा, मान्य रक्कम ८६,०००. पहिली तरीही ४०,०००च देणार, तुमचे ५०,०००. दुसरी ८३,००० चे ८० टक्के, ६६,४०० देते, तुमचे २३,६००. इथे दुसरी उपयोगी पडली.

उत्तर तुमच्या डॉक्टरांच्या त्या चार आकड्यांवर अवलंबून आहे. सगळ्यात मोठा आकडा पन्नास हजारांच्या आत असेल तर दुसऱ्या पॉलिसीचा जादा हप्ता भरून फारसं हाती लागत नाही. पंच्याऐंशी-नव्वद हजार असेल तर पहिली तोकडी पडते. हिशोब करताना उपमर्यादा विसरू नका: 'शस्त्रक्रियेला विम्याच्या रकमेच्या इतके टक्के', 'एका आजाराला वर्षात इतकेच' अशा ओळी वर्डिंगच्या तक्त्यांत असतात आणि लाखाची पॉलिसी तिथे गुपचूप चाळीस हजारांची होते. रोखीशिवाय उपचारांची अपेक्षाही ठेवू नका. बहुतेक ठिकाणी आधी तुम्ही पैसे भरायचे, मग परतावा मागायचा. म्हणजे विमा असला तरी त्या दिवशी ५८,००० तुमच्या खात्यात किंवा कार्डावर हवेतच.

जोडकव्हरं: कुठली घ्यावीत

मृत्यूचं कव्हर मी तरी गाळतो. त्यात कुत्र्याची 'किंमत' मिळते, ती खरेदीच्या पावतीवर किंवा बाजारभावावर ठरते. गावठी कुत्र्याची बाजारात किंमत काय लावणार? ब्रीडरकडून मोठी रक्कम देऊन आणलेला असेल आणि पावती असेल तर विचार करा.

हरवण्याचं कव्हर दिवाळीत फटाक्यांना बुजून पळणाऱ्या कुत्र्यासाठी बरं वाटतं, पण त्यात पोलिसांकडची नोंद, जाहिरात, शोध घेतल्याचे पुरावे आणि काही दिवसांची वाट बघणं असतं. चिप आणि गळ्यातल्या पट्ट्यावर तुमचा नंबर, यानं जास्त काम होतं.

तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचं कव्हर मात्र सोसायटीत राहणाऱ्या प्रत्येकाने बघावं, विशेषतः कुत्रा मोठा असेल तर. लिफ्टमध्ये कुणावर झेप घेतली, कुणी घाबरून जिन्यावरून पडलं, तर नुकसानभरपाईचा दावा लहान नसतो. एक मर्यादा ओळखून ठेवा: हे कव्हर दिवाणी भरपाईपुरतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली प्राण्याच्या बाबतीत निष्काळजीपणा केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मुंबईतल्या एका रॉटवायलरच्या मालकाला चाव्याच्या जुन्या प्रकरणात २०२३ मध्ये तीन महिन्यांची शिक्षा झाली होती. त्यातून कुठलीच पॉलिसी सोडवत नाही.

वय आणि नूतनीकरण

नव्याने पॉलिसी घ्यायला साधारण सात-आठ वर्षांची वरची मर्यादा असते, आणि ग्रेट डेन, सेंट बर्नार्डसारख्या अवाढव्य जातींना ती बरीच आधी, चार वर्षांच्या आसपास, लागते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बाहेर पडण्याचं वय. पॉलिसीचं नूतनीकरण कुत्रा दहा वर्षांचा होईपर्यंतच होत असेल तर मूत्रपिंड, हृदय, गाठी यांचा खर्च सुरू होण्याच्या सुमाराला ती संपते. लॅब्रेडोर बारा वर्षं जगतो, आपले गावठी तर त्याहून जास्त. दोन पॉलिसींत बाकी सगळं सारखं असेल तर जिचं बाहेर पडण्याचं वय जास्त, ती घ्या. मागच्या वर्षीचा आजार यंदा नूतनीकरणानंतर चालू ठेवला जातो की 'आधीपासूनचा' ठरतो, हेही लिहून मागा. गोचीड ताप उलटतो, म्हणून हा प्रश्न.

नूतनीकरणाची तारीख चुकवू नका. खंड पडला की प्रतीक्षाकाळ पुन्हा पहिल्यापासून.

क्लेमच्या दिवशी

कुत्रा दवाखान्यात नेला की त्याच दिवशी कंपनीला कळवा. ॲपवर, ई-मेलवर, टोल-फ्रीवर, कुठेही, पण क्लेम नंबर मिळवा. कळवण्याची मुदत काही ठिकाणी चोवीस-अठ्ठेचाळीस तासांची असते आणि घाईगडबडीत ती निसटते. घरातल्या दुसऱ्या कुणालातरी हे काम आधीच सांगून ठेवा, कारण तुम्ही कुत्र्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलेले असाल.

डॉक्टर नोंदणीकृत पशुवैद्यक हवेत आणि प्रिस्क्रिप्शनवर पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक हवा. महाराष्ट्राची परिषद नागपूरला आहे. व्हॉट्सॲपवर आलेला औषधांचा फोटो, कोऱ्या कागदावरची चिठ्ठी हे चालत नाही. बिलात 'उपचार: ३५,०००' अशी एकच ओळ नको. ऑपरेशन, भूल, औषधं, एक्स-रे, राहण्याचे दिवस वेगवेगळे लिहून घ्या. तपासण्यांचे मूळ अहवाल, डिस्चार्जचा कागद, कुत्र्याचं नाव आणि चिप नंबर प्रत्येक पानावर. डॉक्टरांना हे आधीच सांगितलं तर ते करून देतात. पंधरा दिवसांनी मागायला गेलात तर त्यांनाही आठवत नाही.

मृत्यूचं कव्हर असेल तर आणखी एक कठीण गोष्ट. पुरण्याआधी किंवा दहनाआधी कंपनीला कळवावं लागतं, फोटो आणि बऱ्याचदा शवविच्छेदनाचा अहवाल लागतो. ती वेळ अशी असते की हे सुचतच नाही, म्हणून नियम आधी वाचून ठेवायचा.

क्लेम नाकारला तर नकार लेखी घ्या आणि त्यात कुठल्या कलमावर बोट ठेवलंय ते बघा. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, सोबत विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर नोंद. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे कार्यालय आहे, फी लागत नाही, वकील लागत नाही. तिथे तुमची ती फाइल आणि कंपनीची ई-मेलवरची उत्तरं कामी येतात.

विमा न घेणाऱ्यांसाठी

कुत्रा आठ वर्षांच्या पुढे गेलाय, किंवा जुना आजार आहे, किंवा तुमच्या गावात रात्री ॲडमिट करणारं हॉस्पिटलच नाही, तर विम्याच्या मागे लागू नका. वरच्या उदाहरणातला ७,२०० चा हप्ता म्हणजे महिन्याला ६००. तेवढ्याचं आवर्ती ठेव खातं काढलं तर पाच वर्षांत ३६,००० आणि वर व्याज. पहिल्याच वर्षी मोठं बिल आलं तर ते पुरणार नाही, हे खरं, पण पाचव्या वर्षी काही झालं नाही तर पैसे तुमचेच. तरुण मोठ्या जातीच्या कुत्र्याला मी पहिली तीन-चार वर्षं विमा आणि बाजूला छोटी ठेव असं दोन्ही सुचवतो. गावठी कुत्रा, घरातच राहणारा, लशी वेळेवर, तर नुसत्या ठेवीवरही बऱ्याच जणांचं भागतं.

सोबत पशुवैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं माहीत असू द्या. परळ, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथे कॉलेजं आहेत, अकोल्याला पदव्युत्तर संस्था आहे. खर्च खासगीपेक्षा बराच कमी आणि विभागवार डॉक्टर. गर्दी असते, रांग असते, आणि ओपीडीची वेळ ठरलेली असते. ती वेळ आणि रात्री उघडं असलेल्या जवळच्या दवाखान्याचा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा.